दोराची तिसरी गाठ

मला एका जागी बसवत नाही. हे दुखणं लहानपणापासूनचं. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं पाठवलीय. लग्न होऊन रामनगरहून इकडं, गुंदच्या अलीकडच्या अकरा घरांच्या वाडीत आले तेव्हा सासरच्यांना वाटलं, नवीन आहे म्हणून बावरून फिरते, वर्षभरात निवेल. वीस वर्षं झाली, निवले नाही. शेतकामाला ही खोड बरी, असं नवरा चारचौघांत कौतुकानं सांगतो. घरात मात्र म्हणतो, "जरा टेक की गे. तुला बघून मला दमायला होतंय."

पण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली माझी तगमग खोडीतली नव्हती. तिला कारण होतं, आणि ते कारण मी मोजून सांगू शकते. दोनशे चाळीस पोफळी.

भाताचं खालचं शेत मोडून मी त्या लावल्या होत्या. नवऱ्याच्या मनात नव्हतं. तो म्हणत होता, भाताचं शेत भाताला असू दे, सुपारी खाणाऱ्याचं पोट भरत नाही. मी ऐकलं नाही. दोन डोंगर पलीकडच्या गावातली कुळागरं, म्हणजे सुपारीच्या दाट बागा, मी येता-जाता बघत आले होते. त्या सावलीत उभं राहिलं की मला क्षणभर का होईना, स्वस्थ वाटायचं. आपल्या घराखाली असं काही असावं, एवढीच हौस. बोर मारली, सावलीला मधे केळी लावल्या, आणि चार वर्षं त्या रोपांना पोरांसारखं वाढवलं. आणखी दोन उन्हाळे निभावले की पहिला फुलोरा येणार होता.

आमच्या जोयडा तालुक्यात पाण्याची ओढ आहे असं सांगितलं की पै-पाहुणे हसतात. त्यांचंही बरोबर आहे. पावसाळ्यात आमच्याकडं चार-चार दिवस शेजारचं घर दिसत नाही. सुप्याचं धरण डोंगराच्या पलीकडं भरलेलं असतं. खाली गणेशगुडीला शहरातली माणसं रबरी होडीत बसून अंगावर पाणी उडवून घेतात आणि आनंदानं किंचाळतात. आम्ही मात्र धरण उशाला आणि कोरड घशाला. नदी खाली, वाडी वर, आणि पाणी काही चढ चढून येत नाही. आमच्या वाट्याला जमिनीच्या पोटात मुरलेलं तेवढंच. ते वाडीतल्या एका विहिरीत दिसतं, देवराईच्या खालच्या अंगाला. पिण्याचं पाणी सगळ्या अकरा घरांना तिथलंच.

या विहिरीची एक जुनी रीत आहे. एका दोराला दगड बांधलेला असतो आणि हाता-हाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या असतात. दगड तळाला टेकवायचा, दोर वर ओढायचा आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. पूर्वी शिमगा झाला की सगळी वाडी विहिरीवर जमायची. सहा गाठी भिजल्या तर खालच्या पाचही शेतांत उन्हाळी भात. चार भिजल्या तर भात दोन शेतांत आणि बाकीच्यांत कुळीथ, पावटा. त्याहून कमी निघाल्या तर कुणी काही पेरायचं नाही, गुरं मोकळी सोडायची. ज्याचं शेत कोरडं राहील त्याला ज्याचं पिकलं त्यानं भात मोजून द्यायचं. मी सून म्हणून आले तेव्हा हे दोन-तीनदा बघितलं होतं. मग बोरी आल्या, एकामागून एक चार, आणि विहिरीला विचारून पेरायची गरज कुणाला राहिली नाही. दोर मात्र अक्काच्या पडवीत खुंटीला तसाच होता.

अक्का ही माझी शेजारीण, एकटीच राहते. नात्यानं कुणाची नाही, पण वाडीत सगळे तिला अक्का म्हणतात. तिला बोर नाही. पावसावरचं भात आणि घराभोवती कंद, एवढ्यावर तिचं चालतं. गुडघे धरलेले, तरी रोज सकाळी पहिली घागर तीच ओढायची आणि सवयीनं दोर सोडून गाठी मोजायची. ऐकायला कुणी असो वा नसो, आकडा मोठ्यानं सांगायची. आम्ही ते देवळाच्या घंटेसारखं ऐकून सोडून द्यायचो.

त्या वर्षी शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "तीन." तेव्हा मात्र घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी वाकून विहिरीत बघितलं.

देवळाच्या मंडपात बैठक बसली. वाडीचे गावकार, म्हणजे देवाचं आणि गावाचं बघणारा वडीलधारा माणूस, मधे बसले. बोरींना आवर घातला पाहिजे हे सगळ्यांना कळत होतं, पण बोलणार कोण? चार बोरी होत्या. एक गावकारांची, तिच्यावर काकडी आणि दोडका. एक पलीकडच्या घरच्या भाऊजींची, तिच्यावर उन्हाळी भात. एक वरच्या अंगाच्या घराची. आणि चौथी माझी.

मला शांतता सोसत नाही. मीच तोंड उघडलं. "त्यात काय एवढं? एक दिवसाआड, एकेक बोर एकेक तास. सगळ्यांना सारखं. कुणाची तक्रार नको."

सगळ्यांनी माना हलवल्या. न्यायाचं बोललीस, असं गावकारही म्हणाले. माझ्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांच्या बोरींचं पाणी करंगळीएवढ्या धारेचं. माझी दोन इंच भरून ओतायची. त्यांचा तास आणि माझा तास यांत केवढं अंतर होतं! मी न्यायाचं लुगडं नेसवून माझाच फायदा मंडपात उभा केला होता.

अक्का खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तासाला सगळ्यांचं पाणी सारखंच पडतंय व्हय गे?"

"अक्का, तुझी बोर कुठं हाय? तुला कशाला काळजी?" मी म्हणाले, आणि सगळे हसले. ते हसू आठवलं की आजही माझे कान तापतात.

देवापुढं नारळ ठेवला, नियम ठरला.

आणि मग माझं गणित मलाच चावलं. त्याआधी, जमिनीत पाणी होतं तोवर, मी तीन दिवसांतून एकदा पाच-पाच तास बोर चालवायची आणि पोफळी, मिरची, भाजी सगळं भिजवायची. आता तासाभरात दोन इंचाची धारही ऐंशी झाडांपलीकडं जाईना. ऐंशी आज, ऐंशी परवा, ऐंशी तेरवाच्या पुढं. म्हणजे एका झाडाची पाळी सहा दिवसांनी. थोडं-थोडं सगळ्यांना घालावं तर हात होत नव्हता. आमच्याकडं पाणी घातलं म्हणजे आळं तुडुंब भरून वर पाणी चमकलं पाहिजे. नुसती माती ओली केली तर झाडाला तोंड दाखवून परत आल्यासारखं वाटतं. मी आळी भरत राहिले, आणि दर पाळीला शेवटची झाडं कोरडी राहायला लागली.

मिरची मी पहिल्याच आठवड्यात सोडली. घरापुरता भाजीचा वाफा दुसऱ्या आठवड्यात. केळीची पानं आधी मधोमध दुमडली, मग कडेनं फाटून लोंबायला लागली. त्यांची सावली गेली तशी पोफळींच्या शेंड्यांवर ऊन थेट पडायला लागलं. गावकारांनी अर्धी काकडी उपटून गुरांना घातली. भाऊजींनी तीन शेतांत भात लावलं होतं. त्यांतली दोन त्यांनी मुकाट्यानं सोडून दिली आणि सगळं पाणी तिसऱ्याकडं वळवलं. सोडलेल्या शेतात त्यांचीच म्हैस चरताना मी बघितली. त्यांना विचारलं, "वाईट न्हाई वाटत?" तर म्हणाले, "वाटतंय की. पर एक तर पदरात पडंल." माझ्याच्यानं असं होईना. दोनशे चाळीसपैकी कुठलं सोडू, हेच ठरेना. दिवसातून दहा वेळा बागेत जायची, शेंड्याचं कोवळं पान हातानं दाबून बघायची, परत यायची. जेवायला बसले की अर्ध्या भाकरीवर उठायची.

याच फेऱ्यांत एके दिवशी पातेऱ्याचं लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

जंगलात गळलेला पाला, ज्याला आम्ही पातेरा म्हणतो, तो उन्हाळ्याच्या तोंडी झाडून आणतात आणि शेताच्या एका तुकड्यावर पसरून जाळतात. भाजलेल्या त्या जमिनीत भाताचा तरवा, म्हणजे रोपं, जोमानं येतो आणि तण येत नाही. सगळी वाडी हे शिमग्यानंतर सावकाश करते. मला सावकाश जमत नाही. मी शिमग्याच्या आधीच साठ भारे वाहून आणले, जाळले आणि वाडीत पहिला नंबर लावला. त्याच दिवशी अक्काच्या पडवीत जाऊन फुशारकीही मारून आले. आता बागेच्या मातीला भेगा पडत होत्या. तोच पातेरा आळ्यांत वीतभर पसरला असता तर ओल टिकली असती, सहा दिवसांची पाळीही पुरली असती. मी तो धूर करून आभाळात सोडला होता.

पुन्हा जंगलात गेले. जवळपासचं सगळं झाडलेलं. आत खोल गेले तर जंगल खात्याच्या माणसानं अडवलं, "बाई, वणव्याचे दिवस हायत, मागं फिरा." मागं फिरले. अक्काचा ढीग तिच्या बांधावर तसाच होता, तिनं अजून जाळला नव्हता. येता-जाता माझी नजर तिकडं जायची. मागायला तोंड नव्हतं. एवढ्याशा वाडीत ज्याच्यावर हसायचं त्याच्याच दारात जायची पाळी लवकर येते.

महिना गेला. नियम सगळ्यांनी पाळला, हे खरं. अक्का रोज आकडा सांगायची आणि आता सगळे थांबून ऐकायचे. तिनाच्या साडेतीन झाल्या, मग चार. भर उन्हाळ्यात विहीर चढली याचा लोकांना केवढा आनंद! मला आनंद झाला नाही. मला राग आला. माझी झाडं मरताहेत आणि विहिरीत पाणी वाढतंय, मग ते ठेवलंय कशासाठी, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "प्यायला." एवढंच. त्याच्या अशा एका शब्दाच्या उत्तरांनी मला नेहमीच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

मग लग्न आलं. गावकारांच्या पुतणीचं, रामनगरला. सगळी वाडी दोन टेम्पोंत बसून सकाळीच निघाली. मी सांगितलं, गाय आज-उद्या व्यायची आहे, मी थांबते. गाईला अजून तीन आठवडे होते, नवऱ्याला ते माहीत होतं. तो टेम्पोत चढताना माझ्याकडं बघत राहिला.

दहाला थ्री-फेज करंट आला. मी स्टार्टर दाबला.

तो दिवस मी खोटा सांगणार नाही. मला फार बरं वाटलं. पाईपातून पाणी आलं, पहिलं आळं भरलं, दुसरं भरलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा माझे पाय सावकाश पडायला लागले. पाळी नाही, घड्याळ नाही, आज कुणाला उपाशी ठेवायचं हा हिशेब नाही. एकेक झाडाशी उभी राहून ते पाणी पिताना मी बघत होते. भेगाळलेलं एकेक आळं दुप्पट पाणी प्यायचं, भेगांतून बुडबुडे यायचे, मातीचा वास सुटायचा. एकटीच असून मोठ्यानं बोलत होते, घे, पी, पोट भरून पी. दुपारी तीनला दोनशे चाळिसावं आळं भरलं आणि मी बोर बंद केली. मग बांधावर बसले. खरोखरच बसले, बराच वेळ. हातपाय चिखलानं भरले होते, म्हणून घरी येऊन घागर उचलली आणि विहिरीवर गेले.

विहिरीच्या कट्ट्यावर अक्का बसली होती. तिच्या गुडघ्यांना टेम्पोत चढणं जमत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिची घागर शेजारी उपडी होती. जवळ बादली होती, आणि तिच्यात तांबडा चिखल.

"बंद केलीस?" तिनं विचारलं.

मी घागर खाली ठेवली.

"सकाळी चार हुत्या," ती म्हणाली. "तुझी सुरू झाल्यावर परत दोर सोडला. तासाला एकेक गाठ खाली. मी बघतच बसले. गावकाराची चालती तवा पाणी हलत न्हाई. भाऊजीची चालती तवा बी न्हाई. तुझीच तेवढी. तुझ्या बोरीचं अन् या विहिरीचं पाणी एकच हाय गे."

"कशावरनं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. चोरी पकडली गेली की माझा आवाज आधी चढतो.

"तुझा तास झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी गाठ कमी असत्याय. महिनाभर बघतीया. वाटलं हुतं, माझ्याच मोजण्यात चूक हाय. आज वाडी रिकामी, दुसरी कुठली बोर चालू न्हाई, तवा नीट कळलं."

म्हणजे नियमातला माझा तासही नियमातला नव्हता. सगळ्यांना सारखं म्हणून मी मागून घेतलेला तास सगळ्यांच्या घागरीतून येत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"सांगणार हायस?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? मला दोन घागरी पाणी पायजे हुतं, तेवढ्यासाठी बसले." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "संध्याकाळी सगळी येतील दमून. बायका आधी हितं येतील."

तसंच झालं. दिवस मावळायच्या आधी टेम्पो आले. भरजरी लुगडी सोडून बायका घागरी घेऊन विहिरीवर गेल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. झरा आटला, अशी एकच बोंब झाली. अंगावरच्या लग्नाच्या कपड्यांनिशी पुरुष देवळात जमले. गावकार खचल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "आता दुसरा इलाज न्हाई. पंधरा दिवस चारी बोरी बंद. देवाच्या मनात असंल तर झरा परत येईल."

भाऊजी कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या उरलेल्या एका शेतातलं भात पोटरीत आलं होतं, कणीस बाहेर पडायच्या बेतात. या वेळी पाणी तुटलं तर नुसती पळींज होते, दाण्याशिवायचं फोलपट, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. ते एवढंच म्हणाले, "मग माझं गेलं म्हणायचं. जाऊ दे." आणि खाली बसले.

मी अक्काकडं बघितलं. ती आपल्या पायाच्या बोटांकडं बघत होती. नवऱ्याकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता, टेम्पोत चढताना बघितलं होतं तसाच. येताना रस्त्यावरून त्याला आपली बाग दिसली असणार, काळीभोर भिजलेली. मी तोंड उघडलं नसतं तर त्यानं उघडलं असतं की नाही, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

"झरा आटलेला न्हाई," मी म्हणाले. "मी बोर चालवली. दहा ते तीन. अन् माझी बोर विहिरीचंच पाणी ओढत्याय. अक्काला म्हायती हाय."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मलाही दोन देता आल्या असत्या. एक बाई फक्त म्हणाली, "पाच तास?" आणि आपल्या रिकाम्या घागरीकडं बघितलं. तिच्या घरी सहा महिन्यांचं पोर होतं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. गावकारांनी डोक्यावरचा लग्नाचा फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुझी बंद, पाऊस पडंपर्यंत. बाकीच्या तिघांचा तास हाय तसा राहू दे." त्यात चूक काढायला जागा नव्हती, म्हणून मला तो निकाल जास्त लागला.

विहीर भरायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत वाडीतल्या बायकांनी अर्ध्या कोसावरच्या ओहोळाच्या डबक्यातून पाणी आणलं, मीही आणलं. माझ्या शेजारून चालताना कुणी अबोला धरला नाही, पण कुणी थट्टाही केली नाही. आमच्याकडं थट्टा बंद झाली की समजायचं.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का माझ्या बागेच्या बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी आली. डोक्यावर पातेऱ्याचा भारा. तो तिनं टाकला आणि म्हणाली, "बाकीचे तू आण. माझ्यानं होत न्हाई."

"आणि तुझा तरवा?"

"न भाजता पेरीन. तण येईल, ते तू उपटायचंस. लावणीला चार दिवस यायचं, घरची भाकरी बांधून. फुकट देत न्हाई मी."

मी रडले असते, पण तिनं ती सोय ठेवली नाही. लगेच वळून लंगडत निघून गेली. तिच्या ढिगातून पस्तीस भारे निघाले. ते दोनशे चाळिसांना पुरणार नव्हते. तेव्हा मी भाऊजींनी केलं ते केलं. कडेची, उतारावरची झाडं सोडली. सोडताना प्रत्येकाला हात लावला. आतली दीडशे निवडली, त्यांच्या बुंध्याशी पातेरा दाबून बसवला आणि भांडी घासल्याचं, आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं, असलं नसलं पाणी तांब्या-तांब्यानं घातलं. रोज तिसेक झाडं. आळं काही भरायचं नाही, पाणी चमकायचं नाही. पाऊस आला तेव्हा एकशे अकरा जिवंत होती. एका तांब्यावर पोफळ जगते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पुढच्या शिमग्याला वाडीनं जुनी रीत परत सुरू केली. गाठी मोजून काय पेरायचं ते ठरलं, भात दोनच शेतांत, बाकी सगळीकडं कुळीथ. भाऊजी कुरकुरले, पण त्यांनीही कुळीथ पेरला. बोरींसाठी तास गेला आणि गाठ आली. तीन गाठी भिजलेल्या असतील तोवर प्रत्येकानं ठरलेल्या पिंपांएवढं पाणी काढायचं, ज्याची धार मोठी त्यानं लवकर बंद करायचं. तिसरी गाठ कोरडी निघाली की चारी बोरी बंद. मीही उतारावरची मेलेली रोपं काढून तिथं तूर लावली. प्रश्न एवढाच उरला की रोज मोजणार कोण, कारण अक्काला आता विहिरीपर्यंतही जाता येईना. गावकारांनी दोर माझ्या हातात दिला. "हिला तसंबी बसवत न्हाई," ते म्हणाले.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्षभरानं सगळे पुन्हा माझ्यावर हसले. मला इतकं हलकं वाटलं की मीही हसले.

यंदा माझ्या पोफळींना पहिला फुलोरा आला. एकशे अकरांपैकी चाळीस-पंचेचाळीस झाडांना. त्यातून मोहरीएवढ्या, मग वाटाण्याएवढ्या हिरव्या सुपाऱ्या धरल्या. या दिवसांत पाणी तुटलं की त्या गळतात, आणि माझं कधी नव्हे ते बागेतलं मोजणंही थांबलं, कारण मोजलं तर दृष्ट लागेल असं वाटायचं. विहीर मात्र रोज उतरत होती. चार, साडेतीन, तीन. गेल्या आठवड्यात एका सकाळी मी दोर वर ओढला आणि तिसरी गाठ कोरडी होती.

पुन्हा सोडला. दगड तळाला टेकला हे हाताला कळत होतं. पुन्हा ओढला. दोन भिजलेल्या, तिसरीच्या खाली चार बोटं दोर कोरडा. विहिरीवर कुणी नव्हतं. दोर थोडा तिरका सोडला, कठड्यावरच्या सांडलेल्या पाण्यात नुसता टेकवला, तरी झालं असतं. मी तिथं इतका वेळ स्थिर उभी राहिले की मलाच माझी भीती वाटली.

गावकार ओसरीवर चहा घेत होते. "किती गे?"

"दोन."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांची काकडी ऐन फुलात आहे. "नीट टेकला हुता दगड? कधी कधी कपारीत अडकतोय."

"दोनदा बघितलं."

"तुझ्या पोफळी धरल्यात म्हणं यंदा." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "एकदा परत बघून ये की. घाई काय हाय?"

"दोनच हायत," मी म्हणाले. "मी माझी बंद करून येते म्हणून सांगायला आले."

घरी येताना अक्कानं पडवीतून हाक मारली. "किती सांगितलीस?"

"दोन."

"अन् हुत्या किती?"

"दोनच हुत्या."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

स्टार्टरच्या पेटीतला फ्यूज काढून मी नवऱ्याच्या हातात दिला आणि सांगितलं, मी मागितला तरी देऊ नको. पावसाला अजून महिना आहे. तीन दिवस बागेत पाऊल टाकलं नाही, घरातच येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी गेले. पातेऱ्यावर कोवळ्या सुपाऱ्या पडल्या होत्या, इतक्या की पाय कुठं ठेवावा कळेना. त्या कशाच्याच उपयोगाच्या नसतात. तरी खाली बसून मी त्या सगळ्या ओच्यात वेचून घेतल्या.